शेवेखाली सापडलेले सहा हजार

मावशी, नमस्कार.

मी वर्ध्याचा. वय 26, सिव्हिलचा डिप्लोमा. फेब्रुवारीत कंत्राटदाराने मला अचलपूर तालुक्यातल्या एका गावात पाण्याच्या टाकीच्या कामावर पाठवलं. राहायची सोय आहे म्हणाला, ती निघाली सिमेंटच्या गोण्यांची खोली. दोन रात्री नुसता खोकलो. तिसऱ्या संध्याकाळी समोरच्या घरातल्या काकांनी आवाज दिला, "काऊन बे पोट्ट्या, त्या गोण्यांत मरतं का? ये इकडं." तेव्हापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी त्यांच्याच घरी होतो.

घर ख्रिस्ती आहे, कॅथलिक. काका, काकू, मुलगा, सून, दोन नातवंडं. मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांच्या कपाळावर राख दिसली. मी विचारलं, अंगारा कोणत्या देवाचा? म्हणाले, "माती व्हायचं हाय, त्याची आठवण." मला वाटलं गंमत करताहेत. रोज सकाळी सातला सून माझा डबा तयार ठेवायची. दोन भाकरी, भाजी आणि उकडलेलं अंडं. संध्याकाळी ओट्यावर हातपाय धुवायला बादली भरलेली असायची. गावात भोंग्यावर गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना चालायची, ती संपली की यांची घरातली प्रार्थना सुरू व्हायची. मला कधी कुणी बस म्हणालं नाही. पाडव्याला सुनेने पुरणपोळी केली, वर्ध्याचं पोरगं सणाला तसंच नको म्हणून.

गुड फ्रायडेला मी परतवाड्याहून पेढे आणले आणि दारातच "हॅपी गुड फ्रायडे" म्हणालो. काकूंनी खोका घेतला, कपाटावर ठेवला, काही बोलल्या नाहीत. ईस्टरच्या सकाळी तोच खोका काढून पहिला पेढा मला दिला. त्या दिवशी मटण शिजलं आणि धाकटा नातू म्हणाला, "काका, तुमालेच तं अंडे भेटे रोज. आमचं तं बंद होतं." तेव्हा मला कळलं.

निघताना मी सहा हजार रुपये गादीखाली ठेवले. काकूंनी वाटेत खायला स्टीलच्या डब्यात शेव दिली. वर्ध्याला आल्यावर चौथ्या दिवशी शेव संपली, तर तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत माझेच सहा हजार.

जुलै लागला. पोचल्याचा एक फोन केला, तेवढाच. आई म्हणते, ते लोक असाच जीव लावतात आणि मग हळूच ओढतात. मला तसं काही दिसलं नाही. आभार कसे मानू? पैसे कसे पोचवू? एखादा कूलर घेऊन देऊ का? नाताळला गेलो तर चर्चमध्ये बसायचं का? त्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे.

— वर्ध्याचा पाहुणा

पाहुण्या,

काकूंनी ते पैसे शेवेखाली का ठेवले, वर का नाही, याचा विचार केलास? वर ठेवले असते तर तू एसटी स्टँडवरच झाकण उघडलं असतंस, माघारी पळत गेला असतास, आणि मग "घ्या ना काकू", "नाही रे बाबू" ही ओढाताण अख्ख्या गल्लीने पाहिली असती. तळाशी ठेवले म्हणजे सापडेपर्यंत तू आपल्या घरी. शेव किती दिवस पुरेल याचाही अंदाज त्यांना असणार. दीड महिना तुझं खाणं त्याच बघत होत्या. पैशाचं उत्तर तुला मिळालेलं आहे, आणि ते चांगलं डोकं लावून दिलेलं आहे. पुन्हा पाठवू नकोस. गुगल पेवर तर मुळीच नको. मुलाच्या फोनवर सहा हजार जमा झाल्याचा मेसेज वाजला की त्या घराचं लॉज झालं.

आता अंड्याचं बोलू, कारण तुला आतून टोचतंय ते अंडं. बाकी सगळं त्याच्या मागून आलंय.

तू ज्या दिवसांत त्या घरी होतास त्यांना उपवासकाळ म्हणतात, प्रायश्चित्तकाळही म्हणतात. यंदा तो 18 फेब्रुवारीला राखेच्या बुधवारी लागला आणि 5 एप्रिलला ईस्टर आला. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलंस तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 भरतात. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. काकांच्या कपाळावरची राख झावळ्यांची होती. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या वाटतात. लोक त्या घरी आणून क्रुसामागे नाहीतर एखाद्या फोटोमागे खोचून ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच वाळलेल्या झावळ्या जाळून राख करतात. ती कपाळाला लावताना फादर आठवण करून देतात की तू माती आहेस आणि मातीतच जाणार आहेस. म्हणजे काकांनी गंमत केली नव्हती. तू विचारलंस, त्यांनी सरळ उत्तर दिलं.

चर्चचा नियम तसा फार कडक नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच वेळ पोटभर जेवायचं, आणि या काळातल्या शुक्रवारी मांस खायचं नाही. पण आपल्याकडे लोक नियमावर थांबत नाहीत. कुणाच्या घरी चाळीस दिवस मटण-मासळी बंद, कुणाच्या घरी अंडंही बंद, कुणी चहा सोडतं, कुणी तंबाखू-सुपारीचा खर्रा. (खर्रा सोडलेल्या माणसाशी त्या दिवसांत व्यवहाराचं बोलू नये, हा माझा स्वतःचा अनुभव.) श्रावण पाळणाऱ्या घरातल्या पोराला यापेक्षा जास्त सांगायला नको.

त्यांनी तुला सांगितलं का नाही? तिथेच तर सगळी मेख आहे. बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशू उपवास करणाऱ्यांना बजावतो की तोंड सुकवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कुणाला कळूही देऊ नका. काकूंच्या डोक्याला त्या दिवसांत चापून तेल असायचं का, आठवून बघ. तुला कळलं नाही यात तुझा काही गुन्हा नाही. तुला कळू नये अशीच व्यवस्था होती. ती मोडली सात-आठ वर्षांच्या पोराने, आणि त्याच्याकडून असल्या गोष्टी लपवून ठेवायची अपेक्षा कुणी करूही नये. चाळीस दिवस रोज सकाळी दुसऱ्याच्या डब्यात अंडं जाताना बघायचं हे त्या वयात साधं काम नाही. मला विचारशील तर त्या घरात खरा उपवास त्यानेच केला.

आणि हे अंडं उपवासाच्या आड येत होतं असंही समजू नकोस. या दिवसांत तीन गोष्टी करायच्या असतात: प्रार्थना, उपवास आणि दान. आपल्या ताटातलं वाचवायचं आणि ज्याला गरज आहे त्याच्या ताटात घालायचं. यशया संदेष्ट्याच्या 58व्या अध्यायात देव जवळजवळ रागावूनच विचारतो की मान खाली घालून गोणपाटावर बसलात म्हणजे झाला का उपवास? भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या, ज्याला आसरा नाही त्याला घरात घ्या, मला तो उपवास हवा. गोणपाट काय, तू तर गोण्यांतूनच उचलून आणलेला.

पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. "म्हणजे त्यांनी धर्म म्हणून केलं" असं म्हणून मोकळा होऊ नकोस. काकांनी तुला हाक मारली ती राखेच्या आदल्या संध्याकाळी. उपवास लागलाही नव्हता. समोर एक पोरगं खोकतंय आणि आपण जेवतोय हे त्या माणसाला सहन झालं नाही, इतकंच. यात ख्रिस्ती किती आणि वऱ्हाडी किती हे वेगळं काढता येणार नाही, काढू पण नये. ओट्यावरची ती भरलेली बादली बघ. आल्यागेल्याला आधी पाय धुवायला पाणी, ही आपल्या गावाकडची जुनी रीत. यंदा 2 एप्रिलला हनुमान जयंती होती, तू मारुतीच्या पारावर महाप्रसाद जेवला असशील. त्याच दिवशी यांचा पवित्र गुरुवार होता. त्या संध्याकाळी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले तसे. (दोन्ही एकाच दिवशी येणं हा काही मोठा चमत्कार नाही. ईस्टर मुळात 21 मार्चनंतरच्या पौर्णिमेला धरून येतो, तेव्हा चैत्री पौर्णिमा बरेचदा जवळपास असतेच.) सिमेंटने पांढरे झालेले तुझे पाय त्या घरात दीड महिना रोज धुतले जात होते, त्याला कुणी सण म्हटलं नाही.

पेढ्यांचं सोडून दे. गुड फ्रायडे म्हणजे येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, तीसुद्धा होत नाही, वेदी उघडी ठेवतात, गुरुवारी रात्री गप्प झालेली घंटा थेट शनिवारच्या रात्री वाजते. दुपारी तीनच्या सुमारास सगळे जमतात आणि क्रुसाचं चुंबन घेतात. त्यातल्या "गुड"चा आनंदाशी संबंध नाही, इंग्रजीतला तो जुना "पवित्र" अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे कुणी उत्तम शुक्रवार म्हणतात, त्यानेही गोंधळ होतोच. आणि दरवर्षी निम्मं ऑफिस मोबाइलवर फुलांचं चित्र टाकून हॅपी म्हणतं, त्यामुळे तू एकटा नाहीस. कुणी घरी मयत झालेल्या दिवशी पेढे घेऊन गेलं तर आपण काय केलं असतं? काकूंनी काय केलं ते तूच लिहिलं आहेस. खोका कपाटावर ठेवला आणि दोन दिवसांनी, ज्या सकाळी गोड खायचं होतं त्या सकाळी, उघडला. तुझी चूक त्यांनी दुरुस्त करून वापरली. आता माफी मागायला गेलास तर त्यांना ती पुन्हा कपाटावरून खाली काढावी लागेल. हसत एकदा म्हण, "काकू, पेढे दोन दिवस आधीच आणले होते मी." त्या समजतील.

कूलर घेऊ नकोस. हे मी ऐकीव सांगत नाही, भोगलेलं सांगते.

1988 साली मी अंजनगाव सुर्जीकडच्या एका गावात शाळेवर होते. पावसाळ्यात कावीळ झाली. गावातल्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई ख्रिस्ती होत्या. त्या मला उचलून आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यांच्या आईने, आम्ही सगळ्या तिला आजीच म्हणायचो, एकवीस दिवस मला बिनतेलाचं जेवण करून घातलं. स्वतःच्या घरच्यांसाठी वेगळी चूल, माझ्यासाठी वेगळी. वरण-भात, ताक, उसाचा रस, परत वरण-भात. मी बरी झाले. पहिला पूर्ण पगार हातात आल्यावर नागपूरला जाऊन इतवारीतून आजीसाठी चांगली भारी साडी घेतली. आजीने डोळे भरून पाहिली, घडी मोडली नाही. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला मोकळं वाटलं, आणि आभार मानल्याचा आनंद तो हा नव्हता, देणं फिटल्याचा होता.

त्या नाताळला त्यांच्या घरून मला साडी आली. तेवढ्याच किमतीची असावी, मला कापड कळतं. मग मी पुढच्या वर्षी नातवाला कपडे आणि आजीला शाल नेली. त्यांच्याकडून माझ्या आईला लुगडं आलं. तिसऱ्या वर्षी किराणा दुकानदार सहज बोलून गेला की सिस्टरबाईंनी डिसेंबरात त्याच्याकडून उसने घेतले होते, "तुमच्या आहेरासाठी." मी त्या वर्षी गेलेच नाही. लाज वाटली. त्यांनीही बोलावलं नाही, बहुतेक त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असेल. तीन वर्षांत आम्ही दोघींनी मिळून एका कावीळीचं व्याह्यांचं देणंघेणं करून टाकलं.

जुळलं ते पुन्हा असंच. दोनेक वर्षांनी परतवाड्याहून येताना शेवटची एसटी चुकली. भिजून चिंब अशी त्यांच्याच दारात उभी राहिले, हातात काही नाही. आजी म्हणाली, "आता आलीस का घरच्यावाणी." तिने आपलं जुनं लुगडं मला नेसायला दिलं, पिठलं टाकलं. ते लुगडं मी परत केलं नाही, तिनेही मागितलं नाही. अजून आहे.

लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात याच अर्थाचं आहे, आणि काकांनी ते नक्की ऐकलेलं असणार. मेजवानी घालशील तेव्हा शेजारच्या श्रीमंतांना बोलावू नकोस, ते उलट बोलावतील आणि तुझी फेड होऊन जाईल. ज्यांच्याकडे फेडायला काही नाही त्यांना बोलाव. तू कूलर नेलास की तू त्या शेजारच्या श्रीमंतांच्या रांगेत जाऊन बसलास. शिवाय लाइट असते कुठे आठ-आठ तास.

आता एक गोष्ट मी जरा कडक सांगणार आहे. तुझ्या पत्रात काकांचं बोलणं आहे, काकूंचा खोका आहे, नातवाचं वाक्य आहे. सून दोनदा येते, डबा तयार ठेवायला आणि पुरणपोळी करायला, पण ती एक शब्द बोलत नाही. सातला डबा तयार म्हणजे ती पाचला उठत होती. आपलं लेकरू अंड्याकडे बघतंय आणि ते सोलून परक्याच्या डब्यात टाकायचं, हे तिच्या हाताने होत होतं. आभार मानायचे तर पहिले तिचे मान, आणि सगळ्यांसोबत घाऊक नको. तुझ्याकडे जो डबा आहे ना, तो उलटा करून बघ. त्यावर नाव कोरलेलं असेल. रुखवतातले डबे असेच घराघरात वापरात येतात, तेव्हा ते नाव तिचं निघालं तर मला नवल वाटणार नाही. पैज लावत नाही, पण बघ.

काय म्हणायचं ते मोघम नको. "तुम्ही माझ्यासाठी खूप केलं" हे वाक्य लग्नाच्या आभारपत्रिकेत शोभतं. तिला सांग की अमुक दिवशी तव्यावरून काढलेली भाकर फडक्यात बांधली होती आणि दुपारी साइटवर उघडली तेव्हाही ती मऊ होती. पुरण कसं होतं ते सांग. काकांना सांग की त्या रात्री तुम्ही हाक मारली नसती तर मी दुसऱ्या दिवशी काम सोडून वर्ध्याला पळालो असतो. हे खरं असेल तरच सांग. समोर बोलताना जीभ अडखळत असेल तर एका कागदावर लिही आणि तो कागद देऊन ये. मोबाइलवर नको, कागदावर. आणि स्टेटसला फोटो टाकून "माझं दुसरं कुटुंब" वगैरे अजिबात नको. ज्यांनी चाळीस दिवस उपवास लपवला त्यांना तू गावभर करणार?

आईचं बोलणं. तिच्याशी वाद घालू नकोस. ती शंका तिने हवेतून काढलेली नाही, आपल्याकडे तिला जुनं मूळ आहे. 1899-1900च्या दुष्काळात या भागात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, मिशनांनी अनाथालयं उघडली, त्यातली कितीतरी मुलं ख्रिस्ती म्हणून वाढली. कुणी त्याला उपकार म्हटलं, कुणी ओढणं. तो वाद तुमच्या जेवणाच्या ताटावर मिटणारा नाही. पण तिला तू डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकतोस. भोंग्यावरची सामुदायिक प्रार्थना संपेपर्यंत ते थांबायचे. तुला एकदाही बस म्हणाले नाहीत. पाडव्याला त्यांनी तुझा सण केला, स्वतःचा उपवास चालू असताना. ओढायचं असतं तर नेमके तेच दिवस बरे होते, नाही का? आणि तुम्ही तर वर्ध्याचे. मगनवाडी आईला ठाऊक असेल. 1934 साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं काम मगनवाडीतून वर्षानुवर्षं पाहिलं ते जे. सी. कुमारप्पांनी. घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ यांसाठी आयुष्य घालवलेला तो माणूस तमिळ ख्रिस्ती होता. वर्ध्याला कुणी ओढून नेलं नाही, उलट वर्ध्यानेच त्यांना ओढून घेतलं म्हण हवं तर. एवढं सांगून गप्प बस. बाकीचं काम डबा करेल, त्याच्याकडे येतेच.

चर्चमध्ये बसायला कुणाची ना नाही. चपला बाहेर काढलेल्या दिसल्या तर तूही काढ. सगळे उठले की ऊठ, बसले की बस. प्रसादासारखी पांढरी भाकर घ्यायला लोक रांगेत जातील तेव्हा तू जागेवरच राहा. ती बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिक माणसांसाठी असते, आणि न गेल्याने कुणालाही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते कुणी गंमत म्हणून हात पुढे केला तर. मुळात जायलाच हवं असंही काही नाही. बाहेर ओट्यावर नातवंडांशी खेळत बसलास तरी चालेल.

पण नाताळपर्यंत थांबूच नकोस. नाताळला त्या घरी पन्नास माणसं येतील, करंज्या आणि केक, तुला चहा मिळेल आणि खुर्ची मिळेल, म्हणजे तू पाहुणाच राहशील. आता डवरणी-निंदणाचे दिवस आहेत, माणसं दिवसभर शेतात. तेव्हा आठवड्याच्या मध्ये नको, एखाद्या रविवारी दुपारी जा. अचलपूरची शकुंतला रेल्वे बंद आहे, म्हणून वर्धा-अमरावती-परतवाडा अशी एसटीच. सहा हजारांत अशा किती फेऱ्या होतात ते तूच मोज. ते पैसे त्याच कामाला लाव.

आणि आधी एक फोन करून सांग की जेवायला येतोय. लाजू नको. त्या म्हणतील, काय करू? तर म्हण, कोंबडी. वर्धेहून नेऊ नकोस, गावातूनच घे आणि त्यांच्या हातात दे. मग ताटावर बसताना एकट्याने बसू नकोस. तुला जे टोचतंय ते हेच ना, की तू खात होतास आणि ते खात नव्हते? तर या वेळी सगळी ताटं एकदम वाढेपर्यंत हात लावू नकोस. नातवाला शेजारी बसव. त्याच्या ताटात पहिला तुकडा कोणता जातो याकडे बारीक लक्ष ठेव. त्याला दोन अंडीही उकडून दे, त्याचा हिशेब मात्र नक्की बाकी आहे आणि तो फेडलास तर मी काही म्हणणार नाही.

राहिला डबा. गोरसपाक ने, वर्ध्याहून रिकाम्या हाताने कुणी जात नाही, पण तो वेगळ्या पिशवीत. दुकानातलं काही त्या डब्यात भरू नकोस. डबा घासून, उन्हात वाळवून आईसमोर ठेव आणि म्हण, रिकामा कसा परत देऊ? यावर आपल्याकडची कुठलीच बाई "दे तसाच" म्हणत नाही, मग तिच्या मनात काहीही असो. ती आधी दोन दिवस लक्ष देणार नाही. तिसऱ्या दिवशी कढई ठेवेल. चकल्या असतील, शंकरपाळे असतील, तुझ्या घरचं जे काही नावाजलेलं असेल ते. आणि भरता भरता, तुझ्याकडे न बघता विचारेल, "त्यांना चालते का हे?"

सांग, आता सगळं चालते. उपास सुटला त्यांचा.

— मावशी